बावीस खोडून चोवीस

मागच्या आठवड्यातली गोष्ट. दहावीच्या बॅचला अंकगणिती श्रेढी चालू होती. गणित साधंच, दोन अंकी संख्यांपैकी ४ ने भाग जाणाऱ्या संख्या किती. फळ्यावर लिहून मी मागे वळते न वळते तोच खिडकीकडून आवाज, "मॅडम चोवीस! नव्व्याण्णवला चारने भागायचं, चोवीस येतंय!" हा आमचा कायमचा पहिला नंबर, म्हणजे ओरडण्यात. उत्तर बरोबर नसलं तरी चालतं, पहिलं आलं पाहिजे. मी काहीच बोलले नाही, म्हटलं बाकीच्यांचं होऊ दे, आणि वह्या बघत फिरायला लागले. एका मुलीच्या वहीत पण चोवीस. अक्षर देखणं, समासाची रेघ लाल, उत्तराखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा, सगळं कसं छान. पण त्या चोवीसपाशी कागद जरा खरबरीत झाला होता आणि वही ट्यूबच्या उजेडात थोडी तिरकी धरली तर खाली पेन्सिलीचा दाब स्पष्ट दिसत होता. बावीस. वरची मांडणीसुद्धा बावीसचीच, पहिलं पद १२, शेवटचं ९६, फरक ४, सूत्र बरोबर, आकडे बरोबर, फक्त शेवटची ओळ खोडून तिथे चोवीस बसवलेलं.

म्हटलं अगं तुझं आलं होतं की बरोबर, खोडलंस कशाला? तर म्हणते, "त्याचं इतकं पटकन आलं ना मॅडम, मला वाटलं माझंच कायतरी चुकलंय." हे ऐकून खिडकीवाला उडालाच, "अर्रर्र, चार आणि आठ एकअंकी की!" स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला, सगळी बॅच हसली, तोही हसला आणि पुढच्या गणिताचं चुकीचं उत्तर द्यायला मोकळा झाला. ती मात्र तास संपेपर्यंत मान वर करायला तयार नाही. उत्तर तिचं बरोबर आणि लाज पण तिलाच.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

सांगलीत घरातल्या घरात शिकवण्या घेते मी, बाहेरच्या खोलीत, सतरंजी टाकून. इतकी पोरं येऊन गेली की आता चपला बघून सुद्धा कोण आलंय कळतं. मुलामुलींचं शिकणं वेगळं असतं का, असं कुणी विचारलं तर मी पटकन हो म्हणेन आणि मग लगेच अडखळेन. वेगळं दिसतं हे खरं. पोरींच्या पाऊचमध्ये व्हाइटनर, खोडरबर दोन दोन, रंगीत पेनं, छोटी पट्टी. पोरांच्या खिशात एकच पेन, त्याचंही टोपण चावलेलं, आणि पट्टी लागली की हात पोरींकडे. पोरी आधी मागच्या पानावर पेन्सिलीने कच्चं करतात, मग पुढे पेनने उतरवतात. पोरं डायरेक्ट पेनने सुरू, चुकलं की काट मारून खाली, परत काट, पान म्हणजे नुसता रस्ता खणून ठेवलेला. आणि तोंडी विचारलं की पोरींचं वाक्य नव्वद टक्के वेळा एकच, "मॅडम चुकलं असेल, पण..." त्या 'पण'च्या पुढे बहुतेक वेळा बरोबर उत्तर असतं. पोरांना असलं प्रास्ताविक लागत नाही. अर्थात याला अपवाद ढिगाने. एक मुलगी होती, माझं फळ्यावरचं चुकलं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी सांगायची. आणि एक मुलगा इतका टापटीप की त्याला बाकीचे "ताई" म्हणून चिडवायचे. आता यातच किती आलं बघा.

शाळेतल्या पालकसभांना भाच्यांबरोबर गेलेय मी, त्यांच्या आईला सुट्टी मिळत नाही म्हणून. तिथे सर काय आणि बाई काय, सगळ्यांचं बोलणं ठरलेलं. मुलगा असेल तर "डोकं आहे हो त्याला, पण बसत नाही." मुलगी असेल तर "फार कष्टाळू आहे, काही बघायला नको." दोघांचे मार्क साधारण सारखे असले तरी हेच. म्हणजे त्याला कमी पडले तर आळस म्हणून, तिला चांगले पडले तर कष्ट म्हणून. डोक्याचा हिशोब दोन्हीकडे त्याच्याच खात्यात. आणि पोरं हे बाजूला उभी राहून ऐकत असतात, दप्तराच्या पट्ट्याशी खेळत. आपल्याला वाटतं त्यांचं लक्ष नाही.

माझी स्वतःची शाळा आठवते. तालुक्याची शाळा, कौलारू, पावसात दोन वर्ग एकत्र बसवायचे. मुली भिंतीकडे, मुलगे दाराकडे. मुली वर्ग झाडायच्या, पंधरा ऑगस्टला रांगोळी काढायच्या, पाहुण्यांना ओवाळायच्या. मुलगे बाकं उचलायचे, पताका लावायला शिडीवर चढायचे, माइकवाल्याच्या मागे मागे फिरायचे. कार्यानुभवाच्या तासाला आम्हाला टाके, धावदोरा, हेमिंग, काजं. त्यांना सरांच्या हाताखाली होल्डर उघडून वायर जोडायची. सायन्सच्या प्रयोगाला चंचुपात्र मुलग्यांच्या हातात, निरीक्षण लिहायचं काम आमच्याकडे, कारण "अक्षर चांगलं आहे तुमचं." मला लिटमस निळ्याचा लाल होतो हे पाठ होतं, पण तो कागद माझ्या बोटात पहिल्यांदा आला तो थेट कॉलेजला. आता मला सांगा, याला शिकण्यातला फरक म्हणायचं की शिकवण्यातला? मुलग्यांनी त्या वर्षात दोन परीक्षानळ्या फोडल्या होत्या, ओरडा बसला, आणि विषय संपला. आमच्यातल्या एकीच्या हातून एक फुटली तर ती रडली, आणि नंतर सगळ्या मुलींनाच टेबलापासून लांब उभं केलं गेलं, "लागेल बिगेल" म्हणून. काळजीनेच हो. काळजी करूनच बऱ्याच गोष्टी होतात आपल्याकडे.

हे काही माझ्या शाळेपासून सुरू झालेलं नाही. पुण्यात १८८४ ला हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली, त्यानंतर केसरीतून तक्रार होती ती शाळेच्या वेळेवरून आणि विषयांवरून. अकरा ते पाच मुलगी शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार, त्यापेक्षा दिवसाला तीन तास पुरे. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, मराठीतून शिक्षण दिलं, पण त्यातही गृहशास्त्र, आरोग्य हे विषय मुद्दाम ठेवले, कारण बाईच्या आयुष्याला ते लागणार असं गृहीतच होतं. माझी आत्या जुन्या अकरावी मॅट्रिकची. ती सांगते, गणित नको असेल तर नुसतं अंकगणित घ्यायचं, आणि शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र. तिला बीजगणित आवडायचं. आजोबा म्हणाले कशाला डोक्याला ताप. आत्या आज सुद्धा बँकेचं व्याज तोंडी काढते आणि शेवटी म्हणते, "बघ गं बरोबर आहे का, मला काय कळतंय." वय पंच्याहत्तरच्या पुढे. माझ्या बॅचमधली पोरगी पंधराची. वाक्य तेच.

साठच्या दशकात तर देशपातळीवर एक समितीच नेमली होती, हंसा मेहतांच्या अध्यक्षतेखाली, मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का हे बघायला. त्यांनी वेगळे नकोत म्हणून सांगितलं. कागदावर तो प्रश्न तिथेच मिटला. बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र टाकलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती आठवतंय? मला ते चित्र आवडलं होतं. शेजारच्या छोटीला दाखवलं तर तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाबांना सुट्टी आहे का?"

दरवर्षी रिझल्ट लागला की पेपरात ठरलेली हेडलाइन, मुलींनीच बाजी मारली. २०२४ ला दहावीच्या मुली ९७.२१ टक्के पास, मुलगे ९४.५६. पुढच्या वर्षी मुली ९६.१४, मुलगे ९२.३१. खाली एकमेकींना पेढा भरवणाऱ्या मुलींचा फोटो. मला आनंद होतोच, खोटं कशाला बोलू. पण त्याच बातमीत अजून एक आकडा असतो जो कुणी मोठा करत नाही, परीक्षेला बसणारे मुलगे दरवर्षी मुलींपेक्षा जास्त असतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४, आणि आमचा भाग त्या बाबतीत बदनामच. त्यावेळची ती बाळंच गेल्या काही वर्षांत दहावीला बसली. म्हणजे बाजी मारायला ज्या आल्या त्या आल्या.

आणि मुली पुढे का? "मुलींचा मेंदूच वेगळा" असले फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर नेमाने येतात, डावा मेंदू उजवा मेंदू, गुलाबी निळी चित्रं. मुली सरासरीने थोड्या लवकर बोलायला लागतात वगैरे आहे, पण माझ्या सतरंजीवर बसलेल्या दोन मुलींमध्ये जेवढा फरक असतो तेवढा मुलगा-मुलगीत सरासरीने कधी दिसला नाही मला. मला वाटतं दहावीची परीक्षा ज्या गोष्टी मागते त्या मुलींना घरातूनच आलेल्या असतात. एका जागी बसणं, सांगितलं तसं करणं, पायरी न गाळणं, नीटनेटकं ठेवणं, कुणी बघत नसलं तरी पूर्ण करणं. पाहुणे आले तर पाणी कुणी द्यायचं हे जिला सहाव्या वर्षी कळतं तिला 'पडताळा लिहा' म्हटल्यावर पडताळा लिहायचा हे कळतंच. मुलगा त्यावेळी खाली क्रिकेट खेळत असतो, आणि रन आउटवरून भांडून भांडून एक गोष्ट शिकत असतो जी पोरीला कुणी शिकवत नाही. आपण चुकीचे असलो तरी हटायचं नाही.

मग पुढे गाडी फिरते. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे जेईई ॲडव्हान्स्डला, २०२४ मध्ये ४८,२४८ जण पास झाले, त्यात मुली ७,९६४. आयआयटीत मुली दिसाव्यात म्हणून २०१८ पासून जादा जागा काढाव्या लागल्या. मान्य आहे, दहावी आणि जेईई एका मापाने मोजता येत नाहीत, मुळात बसणाऱ्या मुलीच कमी. पण एक गोष्ट मला नेहमी पटते, परदेशात यावर बरेच प्रयोग झालेत, चुकलं की मार्क कापणार असं असलं तर तेवढंच येत असूनसुद्धा मुली मुलग्यांपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडतात. हे वाचलं तेव्हा मला काय आश्चर्य वाटलं नाही. खोडरबर घेऊन बसलेल्या पोरी मी रोज बघते.

हे असं जुळवून मी मनाशी खुश होते, तेवढ्यात मेडिकलची नीट परीक्षा आडवी आली. नीटलाही मार्क कापतातच की. आणि तिथे मुली मुलग्यांपेक्षा जास्त बसतात आणि जास्त पासही होतात. म्हणजे नुसत्या भित्रेपणाने सगळं समजत नाही. मग आठवलं, आमच्याकडच्या आया काय म्हणतात, "डॉक्टर झाली तर चांगलंय मॅडम, बायकांना शोभतं, घरी दवाखाना टाकता येतो." इंजिनिअरिंगच्या क्लासला लांब ठेवायचं, होस्टेल, फी, तेवढं पोरासाठी बघता येईल. धाडस कुठे करायचं आणि कुठे नाही हे पोरीने एकटीने ठरवलेलं नसतंच.

फोनचं पण तसंच. असर म्हणून शिक्षणाची पाहणी होते, तिचा २०२३ चा गावाकडच्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचा सर्व्हे आहे, त्यात फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्के जणांकडे स्वतःचा फोन, मुलींमध्ये १९.८. माझ्या ग्रुपवर हे आकड्यांशिवाय दिसतं. पोरांच्या शंका रात्री बारा वाजता येतात, स्वतःच्या नंबरवरून, खाली यूट्यूबची लिंक, "मॅडम ही ट्रिक बरोबर आहे का." पोरींच्या शंका आठ ते नऊच्या मध्ये, डीपीला बुलेटवर बसलेले पप्पा, आणि मेसेज, "मॅडम मी ..., प्रश्न ५ समजला नाही, हा पप्पांचा फोन आहे, रिप्लाय लवकर द्या." उशीर झाला की तो रिप्लाय पप्पा वाचतात. ट्रिकवगैरे शोधायला, उगाच काहीतरी बघत बसायला, चुकीच्या व्हिडिओवर वेळ घालवायला फोन लागतो आणि त्यापेक्षा जास्त, मोकळा वेळ लागतो. पोरींचा तो वेळ कणकेत जातो.

तर त्या बावीसवाल्या प्रसंगानंतर मी माझ्यापुरता नियम काढला. खोडरबर, व्हाइटनर बंद. सगळ्यांनी पेनने सोडवायचं, सगळ्यांचं लिहून झाल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. चुकलं तर एक काट मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी खोलीत इतकी शांतता होती की आतून कुकरच्या शिट्ट्या मोजता येत होत्या. खिडकीवाल्याची पंचाईतच झाली, ओरडायचं नाही म्हटल्यावर त्याला कळेना करायचं काय. आणि वह्या बघितल्या तर बऱ्याच पोरींची उत्तरं बरोबर, बऱ्याच पोरांच्या वहीत नुसता प्रश्न उतरवलेला.

दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन. "मॅडम, तिची वही किती घाण झालीय, आधी कशी सुंदर असायची. शाळेत वहीला मार्क असतात हो." आता हे पण खोटं नाही. गणिताचे दोन्ही पेपर चाळीस-चाळीसचे आणि वरचे वीस शाळेच्या हातात, त्यात गृहपाठ बघितला जातो. मी त्यांना काय सांगू, की तुमच्या मुलीला चुकायची सवय लावतेय? फी देऊन? म्हटलं, काकू, शाळेची वही वेगळी ठेवू दे तिला, माझ्याकडे कशी पण चालेल. त्या नाराजच होत्या.

पण हे सगळं लिहिताना माझ्या मनात पोरीच आहेत आणि एका पोराचं राहूनच जातंय. मागच्या रांगेत बसतो, शांत, उंच. त्याचं गणित कच्चं आहे असं शाळेने सांगितलं होतं. पेनच्या नियमानंतर त्याची वही रोज कोरी दिसायला लागली, आधी शेजाऱ्याचं बघून काहीतरी असायचं. आकड्यांची गणितं देऊन बघितली, धडाधड सोडवतो. शाब्दिक उदाहरण आलं की ठप्प. शेवटी एकट्याला थांबवून म्हटलं, हे मोठ्याने वाच. "एका... का... कामगाराने..." बोट ठेवून वाचत होता. दहावीतला मुलगा, मिसरूड फुटलेलं, कपाळावर घाम. मुलगी असती तर चौथीतच कुणीतरी बाजूला बसवून वाचून घेतलं असतं असं मला खूप वाटतं, कारण ती गप्प बसली तर दिसते, रडते, बाईंना सांगते. हा मस्ती करून निभावत आला, मग मस्ती पण सोडली. त्याच असरच्या सर्व्हेत दुसरीचा उतारा वाचता येणाऱ्या मुली ७६ टक्के आहेत आणि मुलगे ७०.९, आणि गणितात, इंग्रजीत मुलगे पुढे. शेकड्यात पाचचा फरक काही फार नाही म्हणा. पण त्या मागे पडलेल्यांतला एक समोर बसून घाम पुसत असला की फार वाटतो. याला आजवर सगळ्यांनी सांगितलं, "डोकं आहे, पण बसत नाही." कौतुकच ते, आणि त्या कौतुकामुळे इतकी वर्षं याला वाचायला कुणी बसवलंच नाही.

आता तो बाकीच्यांच्या आधी अर्धा तास येतो. मित्रांना काय सांगितलंय तर पप्पा कामावर जाताना गाडीवरून सोडतात, म्हणून लवकर. खरं तर चालत येतो, गेटमधून घाम पुसत. मीही तेच सांगते कुणी विचारलं तर. सुरुवातीला शाब्दिक उदाहरणंच वाचून घ्यायचे, पण कामगार आणि नळ आणि रेल्वे वाचून कुणाला वाचनाची गोडी लागलीय? मग घरात जुने दिवाळी अंक होते, त्यातलं विनोदी काहीतरी दिलं. परवा एका जागी मधेच फिस्सकन हसला आणि माझ्याकडे बघून लगेच तोंड गंभीर केलं. फी गणिताची घेतेय, शिकवतेय मराठी, बॅचचा पोर्शन आधीच मागे आहे आणि प्रिलिम तोंडावर. बघू कसं जमतंय.